कांदळखारच्या मेळ्याचा पहिला आवाज

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. उद्या पहाटे मेळा उभा राहिला की मात्र तोंड आवरायचं. कांदळखारची माणसं तशी साधी, कुणाच्या अध्यात ना मध्यात, पण या एका गोष्टीवर त्यांचं डोकं फिरतं. मागं एकदा शहराकडचे पाहुणे पहिल्याच ओळीला फिसकन हसले होते, तर इथल्या बायकांनी त्यांना भरल्या पानावरून उठवलं. म्हणून आधीच सांगितलेलं बरं.

ही समोर खाडी, आणि तिच्या मधोमध ते बेट. बेट कसलं, चार माड आणि एक देऊळ. तिथली ती बेटजाई. पुनवेच्या पहाटे मोठी ओहोटी लागते, पाणी पार लांब जातं आणि या किनाऱ्यापासून बेटापर्यंत वाळूचा दांडा उघडा पडतो. माघातल्या पुनवेला त्या दांड्यावरून गावातली पोरं बेटजाईला गाणं म्हणायला जातात. त्यालाच आम्ही मेळा म्हणतो. दिवाळीचे दिवे विझले की तालीम सुरू होते आणि माघापर्यंत गावात दुसरं काही ऐकू येत नाही. गळे म्हणाल तर एकेक असा की ऐकत राहावं.

पण उद्या तुम्ही ऐकाल ते वेगळंच. सगळा मेळा या किनाऱ्यावर गप्प उभा राहील. मग पुढं एक पोर येईल आणि एकटंच गायला लागेल, आणि त्याचा आवाज असा असेल की तुम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघाल. सूर एकीकडे, पोर दुसरीकडे. ते पहिलं कडवं त्यानं एकट्यानं संपवायचं. कुणी त्याला सूर द्यायचा नाही, कुणी सावरून घ्यायचं नाही. ते संपलं की मग बाकीचे गातात. ते पोर चुकून पुढं आलेलं नसतं. गावात सगळ्यात वाईट गळा कुणाचा, ते बघून, शोधून त्याला पुढं उभं केलेलं असतं. या मेळ्यात पहिला मान बेसुराचा. का, ते ऐका.

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका, सांगणाऱ्या प्रत्येकानं आपल्या पणज्याचं नाव घेतलंय. त्या काळी गावात देवीची साथ आली. अंगावर फोड उठायचे, घशात उठायचे, आणि पोरं पटापट जायची. तेव्हा म्हणे साऱ्या गावानं बेटजाईला साकडं घातलं की जी लेकरं राखशील ती दर माघात तुझ्या पायरीवर येऊन गातील. त्यांना आणणाऱ्या गुरवावाचून मोठ्यांपैकी कुणी पाय ठेवणार नाही, तू आणि तुझी लेकरं. साथ ओसरली आणि मेळा सुरू झाला.

त्या साथीत धुरपा खारवीण नावाच्या बाईची मुलगी आजारी पडली. धुरपाचा नवरा तारवावर गेलेला परत आला नव्हता. खाडीत उतरून कालवं काढायची, विकायची आणि या एका मुलीकडे बघून दिवस काढायचे, एवढंच तिचं आयुष्य. मुलीचं नाव साळू. साळूच्या घशात फोड आले, श्वास घेताना घरघर ऐकू यायला लागली, तेव्हा धुरपा किनाऱ्यावर जाऊन बेटाकडे तोंड करून उभी राहिली. म्हणाली, माझी साळू मला दे, ती तुझ्या पायरीवर उभी राहून स्वतःच्या गळ्यानं तुला गाऊन दाखवील. न गायली तर तुझी तू परत ने.

असलं काही बोलू नये माणसानं. पण पोटचं पोर डोळ्यांदेखत चाललेलं असताना कुणाला भान राहतं?

साळू वाचली. अंगावर वण राहिले, त्याचं धुरपाला काही वाटलं नाही. गळा मात्र पार बिघडला. आवाज घोगरा, मध्येच फाटायचा, मध्येच विरून जायचा, आणि एक सूर म्हणून धरता यायचा नाही. पण पोरीला गाण्याची भारी हौस. आईबरोबर खाडीवर जायची आणि चिखलात उभी राहून मोठमोठ्यांदा गायची. बगळे उडून जायचे. लोक हसायचे. धुरपा कालवं फोडत ऐकत बसायची, आणि तिला खरोखर, अगदी मनापासून ते गाणं आवडायचं. साथीनं गिळलं असतं ते पोर इथं उभं राहून बोंबलतंय, याहून गोड तिला काय लागणार होतं?

साळू मेळ्याच्या वयाची झाली तशी धुरपानं तिला न्हाऊ घातलं, नवं परकर-पोलकं नेसवलं आणि नारोबुवांच्या पुढ्यात नेऊन उभं केलं.

नारोबुवा गुरव म्हणजे मेळ्याचे गुरू. माणूस वाईट नव्हता, हे पहिल्यानंच सांगून ठेवतो, नाहीतर सगळा दोष त्यांच्या डोक्यावर घालून आपण मोकळे होतो. त्यांनी स्वतःला पोरबाळ नसताना गावची पोरं आपली मानली. ज्याच्या घरी चूल पेटली नाही त्या पोराला तालमीच्या आधी पेज पाजायचे आणि मगच गायला लावायचे. आणि कान? असा कान या खाडीच्या दोन्ही काठांना झाला नाही. डोळे मिटून बसायचे आणि कोण गातोय, कोण नुसता ओरडतोय, कुणाच्या नाकात सर्दी आहे, सगळं सांगायचे. पोरं मोजायची झाली तरी डोकी मोजायचे नाहीत. गाणं चालू असताना आवाज मोजायचे.

मेळा बेटावरून परत यायला निघाला की एक नेम असायचा. देवीच्या पायरीवरून गाणं सुरू करायचं ते या किनाऱ्याला पाय लागेपर्यंत थांबवायचं नाही. देवीकडे पाठ झाली की मागं वळून बघायचं नाही. हात जोडलेले. बुवा सगळ्यांच्या पुढं, पोरं त्यांच्या मागून एकामागं एक. मग मागची पोरं येतात की नाही ते बुवांना कसं कळायचं? तर कानानं. एक आवाज जरी गळला तरी त्यांची पाठ ताठ व्हायची आणि ते जागच्या जागी थांबायचे. मधले सगळे माघ असेच गेले आणि एका पोराचा पाय कधी घसरला नाही.

या बुवांचा एकच हट्ट होता. मेळा म्हणजे एक गळा. तोंडं कितीही असोत, आवाज एक. त्यात एखादा आवाज वेगळा ऐकू आला की ते म्हणायचे, मेळा फुटला. साळूनं पहिल्या दिवशी तोंड उघडलं आणि मेळा फुटला. दुसऱ्या दिवशीही फुटला. बुवांनी तिला वेगळी बसवली, गोंजारलं, रागावलं, घसा शेकायला लावला, ज्येष्ठमध चघळायला दिला. पोरगी जीव तोडून गायची आणि तितकंच वाईट गायची. बाकीची पोरं तोंड लपवून हसायची. माघ जवळ आला तसे बुवा रडकुंडीला आले.

तिला घरी पाठवावं तर धुरपाचा नवस आड. सगळ्या गावाला ठाऊक होता तो. तेव्हा बुवांनी मध्यम मार्ग काढला. गाणं शिकवणारे अजूनही काढतात, तुमच्या शाळांतूनही काढत असतील. एका संध्याकाळी त्यांनी साळूला बाजूला घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि सांगितलं, की बाळ, तू सगळ्यात मागं उभी राहा. ओठ हलव, अगदी सगळ्यांसारखे हलव, पण आवाज काढू नको. कुणाला कळणार नाही. साळूनं विचारलं, आणि देवीला? बुवा म्हणाले, देवीला मन ऐकू येतं.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण त्यांना त्या पोरीची हौस ठाऊक होती. ऐन वेळी तोंड फुटेल म्हणून त्यांनी तिच्याकडून शपथ घेतली. गाणं चालू आहे तोवर गळ्यातून आवाज काढशील तर बेटजाईची आण आहे तुला. आणि हे आईला सांगशील तरी आण आहे.

साळूनं मान हलवली. त्या दिवसापासून ती खाडीवर गाईना. धुरपानं विचारलं, काय गो, घसा दुखतो काय? तर म्हणाली, बुवा म्हणतात गळा राखून ठेव. धुरपाला ते पटलं. केवढं कौतुक वाटलं तिला, की बुवांसारखा माणूस आपल्या पोरीचा गळा राखायला सांगतो. तिनं चार घरी जाऊन ते सांगितलंसुद्धा.

माघाची पुनव आली. पहाटे सारं गाव किनाऱ्यावर जमलं. ओहोटी पुरी लागली होती, दांडा स्वच्छ दिसत होता. बुवा पोरांना घेऊन निघाले. साळू सगळ्यात शेवटी. जाताना एकदा तिनं आईकडे बघितलं आणि धुरपानं हात वर केला.

मेळा बेटावर पोचला आणि सूर्य वर यायच्या सुमारास धुकं उतरलं. माघात खाडीवर धुकं येतंच, पण त्या दिवशीसारखं कुणी पाहिलेलं नव्हतं म्हणे. आधी बेट गेलं, मग दांडा गेला, मग शेजारी उभं असलेलं माणूस दिसेना. पण कुणी घाबरलं नाही. कारण धुक्यातून गाणं यायला लागलं होतं.

उठ गो बेटजाई, ओसरलं पाणी,
आली तुझी लेकरं घेऊन गाणी.

गाणं जवळ येत चाललं तसे लोक हात जोडून ऐकायला लागले. असा मेळा आजवर लागला नव्हता. एक गळा, बुवा म्हणायचे तसा. कुठं कण नाही, कुठं खोट नाही. धुरपा कानांत प्राण आणून ऐकत होती. तिला आपल्या पोरीचा आवाज लाखांत ओळखता आला असता. तो मध्येच कुठंतरी फाटेल, घोगरेल, म्हणून ती वाट बघत होती, थोडी लाजतही होती. पण तो आवाज येईना. एक कडवं गेलं, दुसरं गेलं, गाणं सरळ, लोण्यासारखं येत राहिलं. आणि धुरपाचे डोळे भरून आले. शेजारी तिची जाऊ उभी होती, तिचा दंड धरून धुरपा म्हणाली,

"ऐकलंस गो? माझी साळू कुठं वेगळी ऐकू येतेय काय? लागला तिचा सूर. बुवांनी लावला."

हे तिचं वाक्य गावानं जपून ठेवलंय. कशाला जपलंय कुणास ठाऊक, पण ठेवलंय.

बुवा धुक्यातून बाहेर आले. त्यांच्यामागून पोरं, एकेक करून, हात जोडलेली, गात. बुवांचा चेहरा नुसता उजळला होता. शेवटची ओळ झाली, त्यांनी हात खाली केला आणि गाणं थांबलं. आयांनी आपापली पोरं उराशी धरली. धुरपा हात पसरून उभी राहिली. सगळ्यात शेवटी तानी नावाची पोर आली, आणि तिच्यामागं कुणी आलं नाही.

धुरपानं विचारलं, साळू कुठाय? तानी म्हणाली, माझ्यामागं होती. मग बघितलं नाहीस का, तर मागं बघायचं नसतं ना. मग गात होती ना तुझ्यामागं, आवाज कुठवर येत होता? तानीनं बुवांकडे बघितलं. बुवांचा चेहरा पांढराफटक पडला होता. धुरपानं पोरीचे खांदे धरून हलवले तेव्हा ती रडत म्हणाली, ती गात नाही. बुवांनी तिला गायचं नाही म्हणून आण घातलीय.

पुढचं फार जलद झालं असावं, पण सांगणारे ते सावकाश सांगतात. दांड्याच्या कडेला गाळ असतो. धुक्यात शेवटचं पोर जरासं कडेला गेलं, पाय रुतला. समोर मेळा चाललाय, गाणं चालू आहे. एक हाक मारली असती तर बुवा जागच्या जागी थांबले असते. पण गाणं चालू होतं तोवर तिला आवाज काढायचा नव्हता. तिनं तो काढला नाही. ते पोर गाळात उभं राहून मेळा लांब जाताना ऐकत राहिलं आणि गप्प राहिलं. कुणी म्हणतं, तेव्हाही ओठ हलवत असेल.

आणि किनाऱ्यावर गाणं थांबलं. म्हणजे तिची शपथ सुटली.

तेव्हा धुक्यातून तिचा आवाज आला. वाचवा नाही, आये नाही. ती गायला लागली. पहिल्यापासून, उठ गो बेटजाई, ओसरलं पाणी. घोगरा, फाटका, सगळीकडे भरकटणारा आवाज, आणि केवढा मोठा! इतके दिवस आत दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. का गायली ती? कुणी म्हणतं, नवस राहिला होता तो फेडला. कुणी म्हणतं, आपल्या हाकेपेक्षा गाणं लांबवर जातं हे त्या पोरीला ठाऊक होतं. लोक आपापल्या मनाला सोसेल तसं सांगतात.

आवाज आला आणि सगळं गाव ओरडायला लागलं. साळू, थांब! साळू, कुठं आहेस? पुरुषांनी होड्या लोटल्या. पोरं भोकाड पसरून रडायला लागली. बुवा गुडघाभर पाण्यात शिरून गा बाळ, गा, म्हणून हंबरडा फोडत होते. भरती लागलेली. त्या गलक्यात तो एक आवाज कुठून येतोय ते कुणालाच कळेना. धुक्यात आवाज तसाही सगळ्या बाजूंनी येतो. तेव्हा धुरपा किंचाळली.

"गप्प बसा! तिचा आवाज ऐकू द्या!"

आणि सारं गाव गप्प झालं. वल्ही थांबली. रडती पोरं आयांनी तोंडावर हात दाबून गप्प केली. खाडीवर फक्त तो आवाज राहिला. ज्या गळ्याला मेळ्यात जागा नव्हती त्याला ऐकायला अख्खं गाव श्वास धरून उभं होतं. ती शेवटच्या कडव्यावर आली होती.

भरतीच्या आधी, माये, घरी आम्हां ने,
एकाचाही हात, माये, सोडू नको गे.

होड्या आवाजाच्या रोखानं वळल्या. पण कडवं पुरं झालं आणि आवाज थांबला. गाणं संपलं म्हणून थांबला की पाणी आलं म्हणून, ते बेटजाईला ठाऊक. धुकं उठलं तेव्हा दांड्यावर पाणी चढलेलं होतं. पुढच्या ओहोटीला ती सापडली, दांड्याच्या कडेलाच, किनारा दिसतो तिथं.

धुरपा रडली नाही असं सांगतात. मला ते खरं वाटत नाही. बाई रडली असणार, लोकांनी बघितलं नसेल.

दिवस-कार्य झालं. बुवा आपली झांज घेऊन देवीच्या दारी ठेवायला निघाले. म्हणाले, मेळा संपला, हा हात आता कुणाला ताल देणार नाही. गावानंही मान खाली घातली, बहुतेकांना तसंच वाटत होतं. तेवढ्यात धुरपा वाटेत येऊन उभी राहिली. तिनं त्यांच्या पायाशी पडलेली आपली सावली बाजूला घेतली म्हणे, त्यांना आपली सावलीसुद्धा लागू नये म्हणून. मग बोलली.

"मेळा मोडायचा नाही, बुवा. मोडलात तर तुम्ही सुटाल. दर दिवाळीला गावात हिंडायचं आणि माझ्या साळूसारखा गळा शोधायचा. त्याला शिकवायचं. माघात त्याला पुढं उभं करायचं आणि तो एकटा गाईल तोवर सगळ्यांनी गप्प राहायचं. त्या दिवशी राहिलात तसं."

बुवा झांज घेऊन परत फिरले.

त्यानंतर ते जितके माघ जगले तितके माघ त्यांनी हे केलं. ज्या कानाला एक कणसूर सोसत नव्हता त्या कानाशी ते माघापर्यंत गावातला सगळ्यात वाईट गळा घेऊन बसायचे. रागावायचे नाहीत. सूर सुधारला तर मात्र घाबरायचे, कारण मग दुसरं पोर शोधावं लागायचं. मेळा परतताना आता ते पुढं नसत. ते सगळ्यात मागून चालायचे, पाण्यात पाय बुडाले तरी शेवटच्या पोराच्या मागं. आणि दर पुनवेला किनाऱ्यावर धुरपा उभी असायची. पहिलं कडवं ऐकायची आणि पाठ फिरवून घरी जायची. बाकीचं गाणं ऐकायला ती कधी थांबली नाही. बुवांच्या घरचं पाणी ती प्यायली नाही, आणि सणावारी त्यांनी पाठवलेलं ताट दारातून परत गेलं.

एकदा, फार वर्षांनी, बुवांनी धीर करून तिला विचारलं, धुरपाबाय, आता तरी फिटलं का? ती म्हणाली, माझा नवस त्या दिवशीच फिटला बुवा, माझी पोर गायली. तुमचं मला काय विचारता?

पुढं बुवा अंथरुणाला खिळले. सगळं गाव येऊन भेटून गेलं, धुरपा तेवढी गेली नाही. शेवटी त्यांनीच निरोप धाडला. ती आली आणि उंबऱ्याबाहेर उभी राहिली. आता तीही थकली होती, काठीनं चालत होती. लोकांना वाटलं, आता बाई माफ करील. मरणाऱ्या माणसाला काय धरून ठेवायचं? बुवांनी मान वळवली आणि म्हणाले,

"धुरपाबाय, साळूचा आवाज माझ्या कानांतून जात नाही. दिवसरात्र ऐकू येतो. फार सोसवत नाही आता."

धुरपा म्हणाली,

"नशीबवान आहात, बुवा. माझ्या कानांतून जायला लागलाय."

आणि काठी टेकत ती खाडीकडे निघून गेली. बुवा त्या रात्री गेले की दुसऱ्या दिवशी, त्यावर दोन मतं आहेत.

आता तुम्ही म्हणाल, चला, यातून गाव शहाणं तरी झालं. कसलं शहाणं? दिवाळीनंतर पहिल्या आवाजाची निवड असते तेव्हा येऊन बघा. आमच्या पोराला पुढं करू नका म्हणून आया भांडायला येतात. ज्याची निवड होते ते पोर घरी जाऊन रडतं, आणि बाकीची त्याला वर्षभर चिडवतात. तालुक्याला गाण्याच्या स्पर्धा असतात, तिथं आमचा मेळा जातो, ढाल घेऊन येतो, पण तिथं पहिलं कडवं गाळतात. परीक्षकांपुढं कशाला, म्हणतात. त्या बेसुऱ्या पोराला सगळ्यात मागं उभं करतात, आणि काय सांगतात ते मी वेगळं सांगायला नको.

पण माघातल्या पुनवेला इथं तसं चालत नाही. आजही पहाटे दांडा उघडा पडतो, आता दोन्ही अंगांना होड्या उभ्या असतात, आणि मेळ्याचा गुरू सगळ्यांच्या मागून चालतो. आजही एक पोर पुढं येतं आणि फाटक्या आवाजात गायला लागतं, उठ गो बेटजाई. तेव्हा किनाऱ्यावर कुणी खोकत नाही. रडतं मूल आई पदराखाली घेते. सगळे कान देऊन ऐकत असतात, इतके की तुम्हाला वाटेल, केवढा मोठा गवई गातोय. त्या आवाजात आता साळूचं काही नाही. तिचा आवाज कसा होता ते आठवणारं शेवटचं माणूस धुरपा होती, आणि ती काय म्हणून गेली ते तुम्ही ऐकलंच.